चेहरा, उजेड आणि मागची भिंत

आपल्या मंडळातील बऱ्याच सभासदांकडे आता उत्तम कॅमेरे आहेत. कान्हा जवळ असल्याचा हा परिणाम असावा. मुक्कीचे प्रवेशद्वार आपल्याच जिल्ह्यात असल्याने पहाटे निघून वाघ किंवा बारशिंगा टिपावा आणि संध्याकाळच्या ओपीडीला पुन्हा खुर्चीत बसावे, असे करणारे डॉक्टर बालाघाटला नवे नाहीत. त्यांच्या दवाखान्यांत आणि दिवाणखान्यांत वाघांच्या तसबिरी दिमाखाने लावलेल्या असतात. त्या पाहून आनंदच होतो. परंतु त्याच घरात एखाद्या वृद्धाचे निधन झाले म्हणजे तसबिरीत लावण्याजोगे छायाचित्र शोधताना सर्वांची तारांबळ उडते. अखेर कुठल्याशा लग्नातील समूहचित्रातून चेहरा कापून मोठा केला जातो. चंदनाच्या हारामागून तो अस्पष्ट चेहरा पाहत असतो आणि त्याच्या खांद्यावर दुसऱ्याच कोणाची तरी बोटे दिसत असतात. आपल्या स्मरणिकेतील श्रद्धांजलीचे पानही याला अपवाद नाही. चाळीस-चाळीस वर्षे या गावाची नाडी पाहिलेल्या माणसाला आपण निरोप देतो तो त्याच्या पासपोर्टच्या फोटोने.

मी व्यवसायाने वैद्य आणि हौसेने छायाचित्रकार आहे. त्यामुळे मंडळाच्या बैठकीनंतर चहा घेताना मला एक प्रश्न नेहमी विचारला जातो. "डॉक्टरसाहेब, मागचे सगळे छान धूसर होऊन चेहरा तेवढा उठून दिसेल अशी लेन्स कोणती घ्यावी?" या प्रश्नाचे उत्तर कठीण नाही आणि या लेखात ते मी देणारच आहे. परंतु या प्रश्नात धूसरपणाला जे अग्रपूजेचे स्थान मिळाले आहे, ते मला मान्य नाही. लेन्स घ्यावी ती उजेडासाठी आणि योग्य अंतरासाठी. धूसरपणा हे तिच्याबरोबर येणारे उपफळ आहे. ते केव्हा चाखावे आणि केव्हा बाजूला ठेवावे याचा विवेक मात्र लेन्सबरोबर डबीत मिळत नाही.

वैद्यक आणि छायाचित्रण

या दोन विद्यांचे नाते जुने आहे आणि आपण मराठी मंडळींनी त्याचा अभिमान बाळगावा असे आहे. १८५४ साली 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली, तेव्हा तिच्यात ज्या मोजक्या भारतीयांनी रस घेतला त्यांत डॉ. भाऊ दाजी लाड होते. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हेही ग्रँट मेडिकल कॉलेजच्या सुरुवातीच्या तुकड्यांतील पदवीधर. वैद्यकी करीत असतानाच त्यांनी कॅमेरा हाती घेतला आणि १८५० च्या दशकात मुंबईतील माणसांची छायाचित्रे काढली. दिवसा रुग्ण तपासणारा मराठी डॉक्टर फावल्या वेळात काचेच्या पट्ट्यांवर रसायने ओतून माणसांचे चेहरे उमटवीत होता, ही गोष्ट पावणेदोनशे वर्षांपूर्वीची आहे. आपला छंद नवश्रीमंतांचा चाळा नसून त्याला अशी परंपरा आहे, हे त्यातून ध्यानात यावे.

त्या काळात छायाचित्रकाराची खरी अडचण होती ती उजेडाची. १८३९ मध्ये दागेरची पद्धत जाहीर झाली, तेव्हाच्या लेन्सची तोंडे इतकी अरुंद होती की एका चित्राला कित्येक मिनिटे लागत. इमारत तेवढा वेळ स्थिर उभी राहते, माणूस नाही. मग व्हिएन्नातील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी १८४० मध्ये गणित करून एक लेन्स सिद्ध केली. तिचे छिद्र आजच्या भाषेत साधारण एफ ३.६ इतके मोठे होते. मिनिटांचे काम सेकंदांवर आले आणि जिवंत माणसाचे व्यक्तिचित्र शक्य झाले. या लेन्सने मधला भाग रेखीव आणि कडेचा भाग गरगरल्यासारखा पुसट येई. तो पुसटपणा पेट्झवाल यांना मुद्दाम हवा होता असे नाही. त्यांना उजेड हवा होता आणि त्याची ती किंमत होती. आज लोक त्या पुसटपणासाठीच जुन्या लेन्स शोधत फिरतात. किमतीचेच बक्षीस व्हावे, असे हे उदाहरण आहे.

बाहुलीचे गणित

डॉक्टरांना लेन्सचे छिद्र समजावून सांगणे सोपे असते, कारण डोळ्याची बाहुली आपण रोज पाहतो. प्रखर प्रकाशात ती सुमारे दोन मिलिमीटर असते आणि अंधारात तरुण माणसाची बाहुली सात-आठ मिलिमीटरपर्यंत उघडते. लेन्सचेही तसेच असते. एफ या अक्षरापुढचा आकडा म्हणजे लेन्सची नाभीय लांबी भागिले तिच्या छिद्राचा व्यास. त्यामुळे आकडा लहान तितके छिद्र मोठे. कॅमेऱ्याबरोबर फुकट म्हणून मिळणारी १८-५५ मिमीची लेन्स ५५ वर नेली, की तिचे सर्वात मोठे छिद्र एफ ५.६, म्हणजे जेमतेम १० मिलिमीटर व्यासाचे होते. ५० मिमी एफ १.८ या साध्या, न ताणता येणाऱ्या लेन्सचे छिद्र मात्र जवळजवळ २८ मिलिमीटरचे असते. या दोहोंतून संवेदकावर पडणाऱ्या प्रकाशाच्या तीव्रतेत जवळजवळ दहापटीचा फरक आहे.

दहापट म्हणजे व्यवहारात काय? संध्याकाळची वेळ आहे, आजी देवघरासमोर बसल्या आहेत, खोलीत एक दिवा आहे. पहिल्या लेन्सने सेकंदाच्या तेराव्या भागाइतका वेळ लागत असेल, तर तेवढ्यात त्यांचा हात हलतो, मान हलते आणि चित्र भुतासारखे येते. दुसऱ्या लेन्सने तेच चित्र सेकंदाच्या सव्वाशेव्या भागात होते. माणूस श्वास घेत, बोलत, हसत असताना स्पष्ट येतो. फ्लॅश मारावा लागत नाही. फ्लॅशने वृद्धांचे डोळे दिपतात, चष्म्याच्या काचा पांढऱ्या होतात, सावळी त्वचा तेलकट चमकते आणि देवघरातल्या त्या एका दिव्याचा उजेड, ज्यासाठी चित्र काढावेसे वाटले होते तोच, नाहीसा होतो. मंद उजेडासाठी लेन्स घ्यायची ती एवढ्यासाठी.

मंद उजेडाच्या हव्यासाची परिसीमा म्हणावी असे एक उदाहरण चित्रपटसृष्टीत आहे. झाइस कंपनीने १९६६ मध्ये 'नासा'च्या चांद्रमोहिमांसाठी ५० मिमी एफ ०.७ अशी लेन्स बनविली. अशा फक्त दहा लेन्स तयार झाल्या. त्यांतील तीन स्टॅन्ले कुब्रिक या दिग्दर्शकाने घेतल्या आणि १९७५ च्या 'बॅरी लिंडन' या चित्रपटातील काही प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रित केले. त्यासाठी नटांना जवळजवळ पुतळ्यासारखे बसावे लागे, कारण मान बोटभर पुढे आली तरी चेहरा फोकसबाहेर जाई. तात्पर्य, छिद्र वाढवीत नेले की उजेड मिळतो, परंतु स्पष्ट दिसणाऱ्या भागाची जाडी कागदासारखी पातळ होत जाते.

जाडी आणि अंतर

ही जाडी आपल्या कामाची असल्याने तिचे आकडे देतो. पूर्ण आकाराच्या, म्हणजे फुल फ्रेम संवेदकाच्या कॅमेऱ्यावर ८५ मिमीची लेन्स एफ १.८ वर ठेवून दोन मीटरवर बसलेल्या माणसाचे चित्र काढले, तर स्पष्ट भाग साधारण सहा सेंटीमीटरचा असतो. आपल्या नेहमीच्या, लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यावर ५० मिमीची लेन्स एफ १.८ वर ठेवून दीड मीटरवरून काढले, तरी हिशेब तोच, सहा-साडेसहा सेंटीमीटर. आता नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचे अंतर मोजून पाहा. ते बारा सेंटीमीटरच्या आसपास भरेल. म्हणजे डोळ्यांवर फोकस केला तरी कान पुसट होणार, कानातली कुडी पुसट होणार आणि चेहरा थोडा तिरका असेल तर पलीकडचा डोळाही हातचा जाणार. तीच लेन्स एफ ४ वर आणली की जाडी चौदा सेंटीमीटरवर जाते आणि संपूर्ण चेहरा स्वच्छ येतो. मोठे छिद्र असलेली लेन्स जवळ असली म्हणून ती सदैव सताड उघडीच ठेवली पाहिजे, असा नियम नाही. आपल्याकडे प्रबळ प्रतिजैविक आहे म्हणून प्रत्येक सर्दीला ते द्यावे, अशातला तो प्रकार होईल.

दुसरा मुद्दा अंतराचा. चेहऱ्याचे प्रमाण लेन्समुळे बिघडते असा समज आहे. खरे तर ते अंतरामुळे बिघडते. माणसाच्या अगदी जवळ गेलो की नाक कॅमेऱ्याच्या फार जवळ आणि कान तुलनेने दूर राहतात, म्हणून नाक फुगते आणि कान आत जातात. बोरिस पाश्कोव्हर या शल्यविशारदाने आपल्या सहकाऱ्यांसह याचे गणित मांडले आणि ते २०१८ मध्ये चेहऱ्याच्या प्लास्टिक सर्जरीच्या जामा नियतकालिकात प्रसिद्ध झाले. बारा इंचांवरून काढलेल्या छायाचित्रात नाक पुरुषांत सुमारे ३० टक्के आणि स्त्रियांत २९ टक्के अधिक रुंद भासते, तर पाच फुटांवरून हा फरक जवळजवळ नाहीसा होतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. सेल्फी पाहून नाक लहान करून मागणाऱ्या तरुणांना ही माहिती शस्त्रक्रियेपूर्वी द्यावी, हा त्यामागचा हेतू. आपल्यासाठी बोध इतकाच, की माणसापासून पाच-सहा फूट दूर राहा आणि तेवढ्या अंतरावरून चेहरा आणि खांदे चौकटीत मावतील अशी लेन्स घ्या.

मग घ्यावी कोणती?

आता थेट उत्तर. आपल्यापैकी बहुतेकांकडे लहान संवेदकाचे कॅमेरे आहेत. त्यांच्यावर ५० मिमीची लेन्स, निकॉन आणि सोनी असल्यास ७५ मिमीसारखी आणि कॅनन असल्यास ८० मिमीसारखी वागते. व्यक्तिचित्रासाठी हे मोजमाप उत्तम. म्हणून पहिली आणि पुष्कळांच्या बाबतीत शेवटचीही लेन्स म्हणजे ५० मिमी एफ १.८. बहुतेक मोठ्या कंपन्यांकडे ती आहे आणि बहुधा त्यांच्या यादीतील सर्वात स्वस्त लेन्सपैकी ती एक असते. निकॉनचे जुने, प्राथमिक श्रेणीचे कॅमेरे असणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. त्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, म्हणून मोटर लेन्समध्येच असलेले मॉडेल मागावे. नाही तर फोकस हातानेच करीत बसावे लागेल.

फुल फ्रेम कॅमेरा असेल तर ८५ मिमी एफ १.८. आणि ज्यांची घरे जुन्या धाटणीची, खोल्या लहान, मागे सरकायला जागा नाही, त्यांनी लहान संवेदकावर ३५ मिमी एफ १.८ चा विचार करावा. तिच्यात माणूस कमरेपासून वर आणि त्याच्यासोबत थोडी खोली, असे चित्र चांगले येते. एफ १.४ किंवा १.२ च्या लेन्स फार सुंदर असतात, पण त्यांच्या किमतीत आणि वजनात होणारी वाढ ही उजेडात होणाऱ्या वाढीच्या कितीतरी पुढे धावते. ७०-२०० एफ २.८ ही व्यावसायिक छायाचित्रकारांची लाडकी लेन्स. परंतु सव्वा-दीड किलोचे ते नळकांडे आपल्यावर रोखलेले पाहून आजोबांचा चेहरा जो आखडतो, तो कोणत्याही छिद्राने सैल होत नाही.

जुनी लेन्स घ्यायची असल्यास टॉर्चच्या उजेडात ती आरपार पाहून घ्यावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात काचांवर बुरशी धरते आणि ती कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. त्वचेवरच्या बुरशीला आपण मलम देतो, काचेच्या आतल्या बुरशीला मलम नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून लेन्स ठेवाव्यात आणि पुड्यांची ओल वरचेवर काढावी. एवढे पथ्य पुरे.

मोबाईल आणि 'बोके'

या धूसरपणाला जगभर एक जपानी शब्द रूढ झाला आहे. तो 'बोके'. अमेरिकेतील एका छायाचित्रण-मासिकाने १९९७ मध्ये त्यावर लेख छापले आणि तो इंग्रजीत रुळला. आपल्याला मात्र तो ऐकून दुधावर टपलेले बोके आठवतात आणि ते अगदीच अस्थानी नाही. हल्ली चित्र कोणाचेही असो, भोवतालचे सगळे चाटूनपुसून फस्त करणारे हे बोकेच आहेत.

मोबाईलने तर ते घरोघरी आणून सोडले. २०१६ मध्ये आयफोन ७ प्लस या फोनात 'पोर्ट्रेट' नावाची सोय आली आणि पाहता पाहता ती सर्वत्र पसरली. फोनच्या मुख्य लेन्सचे छिद्र जेमतेम चार-पाच मिलिमीटरचे. त्यातून खरा धूसरपणा थोडाच मिळतो. म्हणून फोन गणिताने अंदाज बांधतो, की माणूस कुठे संपला आणि भिंत कुठे सुरू झाली, आणि मग भिंतीवर बोळा फिरवितो. हा अंदाज दरवर्षी सुधारत आहे. तरी विस्कटलेले पांढरे केस, चष्म्याची काडी, नथीचा आकडा, डोक्यावरच्या पदराची कड अशा ठिकाणी तो अजूनही चुकतो. आपल्या आजीच्या चेहऱ्यावर पाहण्यासारखे जे असते, ते नेमके याच ठिकाणी असते. फोनचा मी विरोधक नाही. खिडकीजवळ बसवून, पाच फुटांवरून, ती सोय बंद ठेवून काढलेले फोनचे चित्र हे उंची लेन्सच्या निष्काळजी चित्राहून कितीतरी सरस असते.

पुसले काय जाते?

आता माझ्या मताच्या गाभ्याकडे येतो. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारने 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड प्रसिद्ध केले. हिंदुस्थानातील जातिजमातींच्या माणसांची त्यात शेकडो छायाचित्रे आहेत. त्यांतील बरीच माणसे साध्या पडद्यापुढे किंवा कोऱ्या भिंतीपुढे बसविली आहेत. तेथे त्या माणसाचे घर नाही, अंगण नाही, अवजार असलेच तर हातात दिलेले. प्रयोगशाळेत काचपट्टीवर ऊती ठेवावी तशी माणसे ठेवली आहेत. पार्श्वभूमी गेली की व्यक्तीचा नमुना होतो.

आज बैहरकडे जाणारे हौशी छायाचित्रकार नकळत तेच करतात, असे मला वाटते. बैगा वृद्धेचा सुरकुतलेला चेहरा, कपाळावरचे गोंदण, गळ्यातल्या माळा, आणि मागे हिरवा-करडा धूर. चित्र स्पर्धेत बक्षीस मिळविते. परंतु ती बाई कोणत्या गावची, तिचे घर कसे, तिच्या अंगणात कुटकी वाळत होती की मोहाची फुले, यातले काहीच उरत नाही. तिचे नाव विचारलेले नसते, हे ओघानेच आले. छिद्र एफ ५.६ ठेवून दोन पावले मागे सरले असते, तर ती तिच्या घराची मालकीण म्हणून दिसली असती.

आपल्या स्वतःच्या घरांतही हेच लागू आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिले. आपल्या आधीच्या पिढ्या येथेच रुजल्या. त्यांच्या जुन्या कृष्णधवल छायाचित्रांत माणसांच्या मागे काय काय आहे ते एकदा भिंग घेऊन पाहावे. कौलारू पडवी, वैनगंगेचा घाट, भिंतीवरचे मराठी कॅलेंडर, एखाद्या चित्रात सातपुड्याच्या छोट्या गाडीचा डबा. ती नॅरोगेज जबलपूरकडे जाणे २०१५ मध्ये थांबले. जुन्या कॅमेऱ्याच्या मालकाला धूसरपणाचा शौक असता, तर नवदांपत्य तेवढे राहिले असते आणि गाडी गेली असती. त्या गाडीची किंमत चित्र काढणाऱ्याला तेव्हा ठाऊक नव्हती. आज आपल्या मागच्या भिंतीवर जे आहे त्याची किंमत आपल्यालाही ठाऊक नाही. म्हणूनच ते सरसकट पुसण्याचा अधिकार आपण स्वतःकडे घेऊ नये.

वैद्यकीय व्यवसायाचे सर्वात प्रसिद्ध छायाचित्र या बाबतीत मला फार शिकविते. अमेरिकन छायाचित्रकार यूजीन स्मिथ यांनी कोलोरॅडोतील क्रेमलिंग या लहान गावचे डॉक्टर अर्नेस्ट सेरियानी यांच्यासोबत काही आठवडे घालविले आणि ती चित्रमालिका 'लाइफ'च्या २० सप्टेंबर १९४८ च्या अंकात 'कंट्री डॉक्टर' या नावाने आली. एका चित्रात बाळंतपणात माता आणि मूल दोघेही दगावल्यानंतर डॉक्टर इस्पितळाच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभे आहेत. अंगावर शस्त्रक्रियेचा झगा, हातात कॉफीचा कप आणि सिगारेट. तो ओटा, ते साधे स्वयंपाकघर स्पष्ट दिसते, म्हणूनच त्या थकव्याचा अर्थ कळतो. हे सारे धूसर करून केवळ चेहरा ठेवला असता तर तो कोणाही उदास माणसाचा चेहरा झाला असता. रात्री तीन वाजता प्रसूतिकक्षाबाहेर असे उभे राहण्याची वेळ आपल्यापैकी अनेकांवर आलेली आहे. त्या ओट्याची ओळख आपल्याला वेगळी सांगावी लागत नाही.

अपवादही आहेत

याचा अर्थ धूसरपणा निषिद्ध आहे असा नव्हे. मागे विजेच्या तारांचा गुंता, प्लास्टिकच्या खुर्च्यांची रास किंवा मंगल कार्यालयाची झगमग असेल तर छिद्र खुशाल उघडावे. बाळाच्या डोळ्यांवर फोकस करून बाकी सारे मऊ होऊ देण्यात जी गोडी आहे, ती मलाही प्रिय आहे. इस्पितळाच्या वॉर्डात तर धूसरपणा हे कर्तव्यच ठरते. निरोप समारंभात परिचारिकेचे छायाचित्र घेताना मागच्या खाटेवरचा रुग्ण ओळखू येता कामा नये. तेथे नुसत्या धूसरपणावरही विसंबू नये. कॅमेऱ्याची दिशाच बदलावी.

आणि रुग्णाच्या आजाराची नोंद म्हणून काढलेले छायाचित्र हा निराळाच विषय. तेथे सौंदर्य नको, मोजमाप हवे. छिद्र एफ ८ ते ११, जखमेशेजारी मोजपट्टी, मागे एकरंगी कापड, प्रत्येक भेटीत तेच अंतर, तोच उजेड. आणि सर्वात आधी रुग्णाची लेखी संमती, त्याला समजेल अशा भाषेत. कुतूहल वाटले म्हणून फोन काढला आणि डॉक्टरांच्या ग्रुपवर चित्र धाडले, हा प्रकार आपण थांबविला पाहिजे.

एक सूचना

शेवटी मंडळापुढे एक नम्र प्रस्ताव ठेवतो. पुढील स्मरणिकेपूर्वी आपल्या ज्येष्ठ डॉक्टरांची व्यक्तिचित्रे आपणच काढू या. केवळ डॉक्टरांची नव्हे. ज्यांच्या हातून निम्म्या गावाचा जन्म झाला त्या परिचारिका आणि दाया, आयुष्यभर पुड्या बांधणारे कंपाउंडर, रात्री-अपरात्री रुग्णवाहिका हाकणारे चालक यांचीही. भरवेलीच्या खाणीतून निवृत्त झालेले एखादे काका, वारासिवनीच्या हातमागावर बसलेल्या एखाद्या मावशी यांनाही त्यात स्थान असावे. प्रत्येक कॅमेराधारक सभासदाने तीन माणसांची जबाबदारी घ्यावी. खर्च काहीच नाही.

कृती थोडक्यात सांगतो. सकाळची नऊ-दहाची वेळ घ्यावी. माणसाला त्याच्याच जागेत, खिडकीच्या किंवा उघड्या दाराच्या बाजूला बसवावे. घरातले दिवे बंद करावेत, म्हणजे दोन रंगांचे उजेड मिसळणार नाहीत. पाच-सहा फुटांवर खुर्ची टाकून आपणही बसावे, कारण उभ्याने काढलेल्या चित्रात बसलेला माणूस केविलवाणा दिसतो. ५० मिमीची लेन्स, छिद्र एफ ४. फोकस जवळच्या डोळ्यावर. उजेड कमी पडला तर आयएसओ ३२०० पर्यंत बिनदिक्कत वाढवावा, थोडे दाणेदार चित्र हललेल्या चित्रापेक्षा केव्हाही चांगले. आधी अर्धा तास गप्पा माराव्यात, कॅमेरा मांडीवर असू द्यावा. जुन्या साथीच्या गोष्टी निघाल्या, की चेहरा आपोआप मोकळा होतो. मागच्या फळीवरची जुनी पुस्तके, तराजू, पितळी स्टोव्ह, चौकटीतले प्रमाणपत्र यांतले जे त्या माणसाचे आहे ते चौकटीत येऊ द्यावे. शेवटी चित्राच्या मागे नाव, गाव आणि तारीख लिहावी. ती सर्वांत स्वस्त आणि सर्वांत अधिक विसरली जाणारी गोष्ट आहे.

आणि एक प्रत त्यांच्या हयातीत त्यांच्या हाती द्यावी. आपल्याला कोणी असे निरखून पाहिले होते, हे त्यांनाही कळू द्यावे.